तिरप्या अक्षरांचा लिलाव

माझे शुद्धलेखन कच्चे आणि अक्षर वाकडे, त्याची क्षमा असावी. आज घासलेटाचा वास आला आणि ठाण्याचा आमचा छापखाना आठवला. नाटकांच्या जाहिरातींवर इंग्रजी मथळे छापायला यजमानांनी कर्ज काढून जाड, तिरप्या, पायाशी टोके असलेल्या अक्षरांचे शिशाचे खिळे आणले होते. नाटकवाले छपाईला मुंबईलाच जात राहिले. शेवटी कर्ज फिटेना, तेव्हा आमच्याच छापखान्याच्या लिलावाची जाहिरात यजमानांनी त्या खिळ्यांत जुळवली. मी म्हटले, "अहो, याला कशाला एवढा थाट?" "अगं, अक्षर बघून एखादा छापखानेवाला तरी घेईल." मग एकेक खिळा त्यांनी घासलेटाने धुतला. कल्याणच्या व्यापाऱ्याने ते वितळवायला म्हणून शिशाच्या भावाने नेले. यजमान त्यानंतर फार जगले नाहीत. यंत्र आणि खिळे विकून सावकाराची पै न् पै मात्र फिटली.