गाडीची खांदमळणी

उमापूरच्या शहादेवला सगळे चांगला मेकॅनिक म्हणून ओळखतात. मी त्याला ओळखतो तो त्याच्या गप्प बसण्यासाठी, आणि तेवढ्याचसाठी मला त्याचा राग येतो. एसटीच्या वर्कशॉपात बारा वर्षं काढून त्यानं गावात स्वतःचं गॅरेज टाकलं. आमच्या दूध संस्थेचे दोन्ही टँकर त्याच्याच भरवशावर चालत. दुष्काळात दूध आटलं तेव्हा त्यातला एक टँकर पाण्याला लावला. रोज चार खेपा, आणि एक दिवस वाटेत बंद पडला नाही. मी संस्थेचा सचिव आहे, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो.

पण आमचे चेअरमन अर्जुनराव त्याला जोखायचे ते स्वतःच्या गाडीवरून. उसाच्या एका बऱ्या सालात त्यांनी पुण्याहून जुनी विदेशी गाडी आणली होती. दोन दारं, लालभडक रंग, शर्यतीच्या धाटणीची, पोट जमिनीला टेकलेलं. आमच्या रस्त्यांवर असली गाडी आणणाऱ्या माणसाला हात जोडावेत की त्याचे कान उपटावेत, मला अजून ठरवता आलेलं नाही. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून तिच्या पुढच्या चाकांच्या मधे एक आडवी दांडी असते. ती दोन्हीकडे रबरी बुशात बसवून क्लॅम्पनं आवळलेली असते. बुश झिजले की प्रत्येक खड्ड्यात खट्ट वाजतं.

शहादेवनं बुश बदलले. चार महिन्यांत पुन्हा खट्ट. पुन्हा पुण्याहून मागवून बदलले. पुन्हा तेच. मग अर्जुनराव चारचौघांत बोलायला लागले, "ज्याला दोन रबरं बसवता येत न्हाईत, त्याच्या हातात संस्थेचे टँकर कावून द्यायचे?" सोमवारच्या बैठकीत टँकरचं काम बीडच्या एका गॅरेजला द्यायचा विषय त्यांनी ठेवला. शहादेवचं दुकान त्या टँकरांवरच उभं होतं. दुष्काळात दुसरं कोण गाडी दुरुस्तीला आणतंय!

आदल्या दिवशी मीच त्याला ओढत अर्जुनरावांच्या गोठ्यात नेलं. गाडी तिथंच उभी असायची. बैल चारा छावणीत गेले, ते तिथूनच परस्पर विकले, म्हणून गोठा मोकळा. त्यात शहादेवनं चार पायऱ्यांचा खड्डा खणून घेतला होता, कारण गाडी चाकांवर उभी असतानाच ते बोल्ट शेवटचे आवळावे लागतात, नाहीतर रबराला पीळ बसतो. इतकं जपून काम करणाऱ्याला लोक हात गेला म्हणतात, याचा मला संताप होता.

तो खाली उतरला, टॉमीची पहार घालून दांडी रेटली. चांगली बोटभर हलली. क्लॅम्प खोलला तर बुश फुगून लिबलिबीत झालेला. क्लॅम्प जिथं बसतो तो पत्राही हादऱ्यानं चिरला होता.

"रबर तेलानं खाल्लंय," तो म्हणाला. "पण इंजिन तर कोरडं हाय." मग त्यानं हातातल्या बॅटरीचा उजेड जवळ धरला. क्लॅम्पच्या कडेला पिवळं काहीतरी होतं. ते नखानं खरवडून त्यानं हुंगलं. "सचिव, ही हळद हाय."

"मीच लावते ती," वरून आवाज आला. अर्जुनरावांच्या आई, केसरबाई, खड्ड्याच्या काठाशी उभ्या होत्या. "दर अवसेला. करडीचं तेल अन् हळद. आवाज कुठून येतो ते मागं तूच बॅटरीनं दावलं की रं. पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाची खांदमळणी ह्यानंच करायचो, खांदा सुजला तरी आमी हेच लावायचो."

"आजी, ही गाडी हाय."

"ठावं हाय मला. आंधळी न्हाई मी. पण अवस आली की हात गप बसत न्हाईत रं. बैल छावणीत गेले, माघारी आलेच न्हाईत. आता कुणाला लावू?"

मला तर बाहेर आल्यावर नाचावंसं वाटलं. उद्या बैठकीत एवढं सांगितलं की विषय मिटला! शहादेव मात्र मान हलवून म्हणाला, "सांगायचं न्हाई."

"कावून रं?"

"तिला म्हातारचळ लागलाय, असं आधीच म्हणतेत घरात. हे कळलं तर चेअरमन गोठ्याला कुलूप घालतील. मग म्हातारीनं जावं कुठं?" वर त्यानं मला माझ्या आईची शपथ घातली.

बैठकीला त्यालाही बोलावलं होतं. मी टेबलाखालून त्याला दोनदा लाथ मारली. "माझं काई म्हणणं न्हाई," एवढंच तो बोलला. ज्यांच्या हंड्यात त्याच्या टँकरचं पाणी पडत होतं, त्यांनी हात वर करून त्याचं काम काढून घेतलं. मी तो ठराव लिहिला. इतकं घाण अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

तरी हा शहाणा दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन गोठ्यात हजर. चिरलेल्या पत्र्याला जोड वेल्ड केला, नवे बुश कोरडे बसवले, आणि दांडीपासून हातभर अंतरावर लोखंडाची एक चकती चिकटवली. "आजी, रबराला तेल सोसत न्हाई. तुमी इथं लावत जा."

"इथं लावल्यानं बरं वाटंल का हिला?"

"वाटंल की."

पाच अमावास्या गेल्या, गाडी वाजली नाही. मधे अर्जुनरावांनी ती बीडच्या त्या गॅरेजात दाखवून आणली होती. तिथल्या मेकॅनिकनं फक्त पाना फिरवला. पुढच्या बैठकीत बीडच्या गॅरेजच्या अभिनंदनाचा ठराव झाला. तोही मीच लिहिला.

तिथून मी तडक शहादेवकडे गेलो. दुकानात एकही गाडी नव्हती. "आता तरी तोंड उघड!" मी अक्षरशः ओरडलो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी अजून उतरतेत का खड्ड्यात?"

"उतरतात. परवाच बघितलं. भिंतीला धरून धरून."

तो उठला. कोपऱ्यातला पाईप काढून त्यानं हातानं मापला.

"कठडा लावून येतो," म्हणाला. "पायऱ्या लई उभ्या झाल्यात माझ्याकडून."