अण्णांची सुकट आणि माझी दाशी

माझे वडील आणि एक जपानी पाहुणा यांच्या मधे बसून मी दोघांशीही खोटं बोलले.

त्यातले वडील गेले. आज वर्ष झालं.

तुमच्यापैकी बरेच जण मला जपानी जेवणामुळे ओळखतात. माझे फोटो, रविवारची वर्कशॉप्स, "याला ऑथेंटिक म्हणत नाहीत" अशा माझ्या आगाऊ कमेंट्स.

आज फोटो नाही.

अण्णा मनमाडला रेल्वेत गँगमन होते. आई गेल्यावर ते नाशिकला माझ्या फ्लॅटवर राहायला आले. येताना कपड्यांची पिशवी आणि कागदात बांधलेली सुकट. मनमाडच्या बाजारातली, त्यांच्या ठरलेल्या बाईकडची.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती तव्यावर भाजली आणि खालच्या मजल्यावरून फोन आला. कुणी वाईट बोललं नाही. वास येतोय, काही जळतंय का, एवढंच विचारलं. त्यातून जे कळायचं ते मला कळलं. आमच्यासारख्या घरांत ते लहानपणापासूनच कळतं.

मी अण्णांना म्हटलं, इथे नको.

"बरं," म्हणाले. सुकट डब्यात भरून डबा बाल्कनीत ठेवला. परत कधी भाजली नाही.

आता माझी कमाल बघा. मी कंपनीत दुभाषी. जपानला जाऊन राहिले, तिथल्या घरांतून जेवले, आणि परत येऊन इथल्या लोकांना शिकवायला लागले की जपानी स्वयंपाकाचा जीव दाशीत असतो. दाशी म्हणजे वाळवलेली मासळी नाहीतर समुद्री शेवाळ भिजवून, उकळून काढलेलं पाणी. सूप, नूडल्स, उकडलेल्या भाज्या, सगळं त्यावर चालतं.

माझी मासळी पाकिटातून यायची. पाकिटावर जपानी अक्षरं. तिच्या वासाबद्दल कधी फोन आला नाही. आला असता तर मी ऐटीत सांगितलं असतं, जॅपनीज आहे.

वर्कशॉपच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर बसून त्या मासळीची डोकी मोडायचे. डोकी राहिली की पाणी कडवट होतं. मी हे समजावून सांगेपर्यंत त्यांची निम्मी मोडून झालेली असायची.

एकदा माझं दाशीतलं मिसो सूप प्यायले.

"सुकटीचंच पाणी हाय की हे. लसूण घाल जरा."

मी म्हटलं, अण्णा, हे वेगळं असतं.

"आसंल," म्हणाले.

मग एका रविवारी ओनो-सान जेवायला आले. कंपनीत मशीन बसवायला आलेले जपानी इंजिनियर, साठीच्या पुढचे. तीन महिने हॉटेलचं पनीर खाऊन विटलेले. मीही पनीरच केलं होतं. बाल्कनीचं दार उघडं राहिलं होतं.

जेवता जेवता ते थांबले. मला जपानीत म्हणाले, "इथे कुठेतरी वाळवलेली मासळी आहे. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात सकाळी असाच वास असायचा. वडिलांना विचारा ना, ते खातात का, कशी करतात."

अण्णा माझ्याकडे बघत होते. "काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, तुमच्या नोकरीबद्दल विचारतायत.

अण्णा इतके खूश झाले. हातातला घास परत ताटात ठेवून बोलायला लागले. हातवारे करून, बराच वेळ. ओनो-सान मान डोलावत ऐकत होते. त्यांना वाटत होतं, मासळीचंच चाललंय. मधूनमधून ते माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचे की आमच्याकडे कुणी खात नाही, वडील म्हणतात समुद्र इथून लांब आहे, वास शेजारून येत असेल.

जेवण झाल्यावर दोघांनी हात मिळवले. दोघंही हसत होते. मला वाटलं, सुटले.

अण्णांना सांगून टाकायचं असं मी कितीदा तरी ठरवलं. सुकट भाजून त्यांच्यासमोर ठेवायची आणि मग सांगायचं. होईल कधीतरी, घाई काय आहे.

एका सकाळी ते चहा पिऊन खुर्चीत बसले. उठलेच नाहीत.

मी रडले नाही. अण्णांच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या सगळ्यांना वाढलं, कामावर गेले, वर्कशॉप्स घेतली. हात चालतात, तोंड चालतं. आत काहीच होत नाही. वर्षभर हे असंच आहे.

या आठवड्यात ओनो-सान परत कामासाठी आलेत. काल घरी आले. बुद्धमूर्तीशेजारी अण्णांचा फोटो आहे, त्यापुढे हात जोडून बसले. मग म्हणाले, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी फोटोपुढे ठेवतात. वडिलांना काय आवडायचं?

मी म्हटलं, वाळवलेली मासळी.

त्यांनी फोटोकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग त्या दिवशी ते इतका वेळ काय सांगत होते?"

नोकरीबद्दल, मी म्हटलं. मी तुमचा प्रश्न त्यांना विचारलाच नव्हता.

ओनो-सान सावरून बसले. हात मांडीवर ठेवले.

"आता सांगा. मी ऐकतो."

मी तोंड उघडलं. रुळांचं काहीतरी होतं. उन्हाळा होता. कुणाचं तरी नाव त्यांनी दोन-तीनदा घेतलं होतं. त्यापुढे काही येईना. ओनो-सान वाट बघत बसले होते.

अण्णा बोलत होते तेव्हा मी ऐकतच नव्हते. पुढचं खोटं जुळवत होते.

नोकरीबद्दल इतकं भरभरून ते त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यानंतरही नाही. माझ्याशी तर कधीच नाही.

मनमाडला त्यांच्याबरोबर रुळावर काम केलेलं कुणी हे वाचत असेल, तर मला सांगा, ते काय सांगत असतील.

अण्णा, तुमच्या मुलीची आदरांजली.

आणि माफी.