कोपऱ्यातला हिरवा धान

सौंदडच्या पलीकडे रुळांलगत मालगाड्यांसाठी मोठं लॉजिस्टिक पार्क व्हायचं होतं. गोदामं आणि रूळ दुसरे आखणार होते. कडेची झाडं, पावसाच्या पाण्याच्या वाटा आणि दिवे माझ्याकडे. गावाला त्रास होणार नाही असं आखा, एवढंच वरून सांगितलं होतं. ते आपल्याला जमतं असा माझा समज होता.

गावात एक खोली भाड्याने घेतली. घरमालकीण एकटीच, साठीच्या आतबाहेरची. सकाळी तिची बुद्धवंदना ऐकू यायची, तेवढाच दिवसभरातला घरातला माणसाचा आवाज. माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं. नागपूरच्या घरी करमत नाही म्हणून हे काम मागून घेतलं, तर इथे त्याहून करमेना. वरणभात मीच रांधायचो, मीच खायचो आणि भांडी घासताना मुद्दाम आपटायचो.

खोलीमागे तिची धानाची एक बांधी होती, चारी बाजूंनी बांध घातलेली. बाकीची शेती पार्कात गेली होती, हा तुकडा तेवढा उरलेला. त्या बाजूच्या भिंतीवर मी एक झगझगीत बल्ब लावला होता. तो पहाटेपर्यंत चालू असे. अंधाराची मला भीती नाही. पण अंधारात आपण एकटे आहोत हे जरा जास्तच कळतं.

पार्कची हद्द त्याच बांधीच्या दुसऱ्या अंगाला येत होती. तिथे मी उंच दिव्यांच्या खांबांची रांग दाखवली होती. झाडांआड खांब दिसणार नाहीत, यावर मी स्वतःवर खूश होतो.

दिवाळीच्या सुमारास नकाशा घेऊन बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर गेलो. सगळा धान निसवून पिवळा पडत होता, लोंबा खाली वाकल्या होत्या. फक्त माझ्या खोलीमागचा कोपरा हिरवागार, त्यात एक लोंब नाही. घरमालकीण विळ्याने गवत कापत होती. खत जास्त झालं असेल, असं मी तिला सांगू लागलो. शहाणपणा शिकवायची जुनी खोड.

"खत नाही जी. तुमचा लाइट होय," ती म्हणाली. "उशिरा येनाऱ्या भारी धानाले रातचा अंधार लागते. उजेडात तो निसवतच नाही."

"मग आधी सांगितलं का नाही, मावशी?"

"कायले सांगू? एकटा मानूस, तुमाले भेव लागत असन म्हनलं. कोपराच तं होय."

मला फार लाज वाटली. भिंतीपलीकडे कोणीतरी आपलं पीक सोडून माझा विचार करत होतं, आणि मी भांडी आपटत होतो.

मी नकाशा उलगडून खांबांची रांग तिला दाखवली. तिने विळा खाली ठेवून रांगेवरून बोट फिरवलं.

"एका बल्बानं कोपरा गेला," ती म्हणाली. "याच्यानं तं सारी बांधीच जाईन."

त्याच आठवड्यात ती रांग खोडली. दिवे बुटके केले, वर झाकणं दिली, उजेड आतल्या बाजूला वळवला. नागपूरच्या बैठकीत एकाने विचारलं, याला आधार काय? "माझ्या खोलीचा बल्ब," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. लोक हसले, पण नकाशा मंजूर झाला.

बल्ब तर मी धुऱ्यावरच्या त्या दिवसापासूनच लावला नाही. पहिल्या दिवशी सांज होताच पलीकडच्या अंगणातून आवाज आला, "मी इथंच आहो जी." मी "हो" म्हटलं. मग रोज एवढंच बोलणं व्हायचं. तेवढं पुरायचं.

काम संपलं, मी परत आलो. पुढच्या दिवाळीत तिचा फोन आला. "कोपऱ्यातला धानबी निसवला जी यंदा. भरून."

मला मनापासून आनंद झाला. खोलीत आता कोण राहतं, असं मी विचारलं.

"कोनी नाही. अंधारच आहे."

फोन ठेवला. इथे माझ्या खिडकीसमोर रस्त्याचे दिवे सकाळपर्यंत चालू असतात. मी इथंच आहे, असं एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.