जिना नसलेलं ठाणं

कागद हातात आला की ते आधी डावीकडे चार बोटं घडी घालायचे. तो समास. मग पेनचं टोपण दातात धरून समोरच्याला म्हणायचे, "वेळ सांगा. रडायचं नंतर."

बाळापूरच्या बसस्टँडसमोर चहाच्या हॉटेलातल्या बाकावर ते सकाळी बसायचे. मोठ्या शहराच्या पोलीस ठाण्यात ते रायटर होते, म्हणजे जबाब-पंचनामे लिहिणारे हवालदार. निवृत्त होऊन गावी आले आणि कुणाचेही अर्ज लिहून देऊ लागले. आम्ही सगळे त्यांना जमादार म्हणायचो. तुमच्याही तालुक्यात असा एखादा असेल. नीट बघून ठेवा त्याला.

मी एका संघटनेची पत्रकं काढणारा कार्यकर्ता. माझं पहिलं पत्रक त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"हे निवेदन हाये का भांडण?"

"जमादार, लोकांना चीड आली पाहिजे."

"येईल की. काय झालं ते सांग. वरडून काहून राहिला?"

अधिकाऱ्याच्या नावामागचं 'नराधम' त्यांनी खोडलं आणि तिथे त्याच्याच पत्राचा जावक क्रमांक लिहिला. त्या क्रमांकाने कचेरी हलली. माझ्या शिव्यांनी कधी हलली नव्हती.

एकदा मी पोलीस खात्यावर तोंडसुख घेत होतो. जमादारांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "आमच्या लॉकपमधी एक पोरगं मेलं. मार लई झाला. साहेब म्हनले, लिव्ह, पळून जाताना जिन्यावरून पडला. मी लिव्हलं."

"मग?"

"ठाणं एकमजली व्हतं. जिना न्हवताच."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"चौकशीचे साहेब आले, तिथंच बसून चहा पिले. कुनी वर बघितलं न्हाई."

पोराचा पत्ता लिहितानाच त्यांना कळलं होतं: सेनगावकडचा तांडा. आपल्याच जिल्ह्यातलं लेकरू. तरी अक्षर हललं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

आता त्यांना वकिलासमोर प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. अट एकच. "आधी त्याच्या मायला मी सोताच्या तोंडानं सांगतो. तीनदा सेनगावला गेलो, स्टँडवरूनच माघारी आलो. सोमवारी तू संग चल. मंग काय छापायचं ते छाप." माझ्याच फोनवरून त्यांनी तिला येतो म्हणून निरोप दिला.

मी हो म्हणालो होतो. इथून पुढचं माझं आहे, ते ओरडून सांगता येत नाही.

सोमवारच्या दोन दिवस आधी बाजार होता. एवढी गर्दी वाया कशी घालवायची? मी पत्रक छापून वाटलं. 'जिना नव्हताच!' असा मथळा. साक्षीदाराचं नाव आम्ही कधीच छापत नाही. 'बाळापूरचे निवृत्त रायटर हवालदार' एवढंच लिहिलं, आणि नाव लपवलं याचं मला समाधान होतं. पत्रक घेतलेला एक म्हातारा माघारी वळला. "आपल्या जमादाराचं हाये व्हय हे?"

बाळापुरात तसा एकच होता.

संध्याकाळपर्यंत पत्रकाचा फोटो शहरात पोचला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. तोही त्याच खात्यात. मी पळत गेलो तेव्हा जमादार गाडीत बसले होते. काच खाली करून एवढंच म्हणाले, "दोन दिस थांबला न्हाईस, लेका."

नंतर फोन बंद, घराला कुलूप. वकिलाकडे ते कधीच आले नाहीत.

सोमवारी मी एकटाच तांड्यावर गेलो. त्या पोराची माय ओट्यावर बसली होती. बाजारातून कुणीतरी आणलेलं पत्रक लेकीने तिला वाचून दाखवलं होतं.

"त्यो काहून न्हाई आला?"

"त्यांचा पोरगा शहरात घेऊन गेला त्यांना."

"ह्या कागदापाई?"

"व्हय, माय."

ती रागावली नाही. पत्रक माझ्यापुढे धरून म्हणाली, "माझं पोरगं पडून मेलं न्हाई, हे मला तवाच म्हाईत व्हतं. शेवटाला काय बोललं त्ये? पानी मागितलं का? ते लिव्हलं न्हाई ह्यात."

मी जमादारांना ते विचारलंच नव्हतं. पत्रकाला ते लागत नव्हतं.