हिरवळीवरचं संत्रं

यिशुन भागातल्या त्या फ्लॅटमध्ये मला खोली मिळाली ती 'एक महिना बघू' या बोलीवर. घरमालकीण चिनी होत्या, साठीच्या पुढच्या, एकट्याच राहणाऱ्या. सिंगापूरमध्ये वयाने मोठ्या कुठल्याही बाईला आंटी म्हणतात, म्हणून मीही त्यांना आंटीच म्हणायचे. माझ्याआधी त्यांनी भारतीय भाडेकरू कधी ठेवला नव्हता. "आवडलं तर राहा, नाही आवडलं तर बाय-बाय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कुणाला आवडलं तर, मला की त्यांना, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

हॉस्टेलमध्ये माझा नंबर लागला नव्हता. खोल्यांच्या जाहिरातींत 'भारतीय नकोत' असं कधी कधी सरळ लिहिलेलं असे. जिथे लिहिलेलं नसे तिथे दारात गेल्यावर कळे. क्वीन्सटाउन भागात असं झाल्यावर मी बेटाच्या उत्तरेला सरकत सरकत यिशुनपर्यंत आले. ही खोली गेली तर कुठे जायचं, ते मला खरंच माहीत नव्हतं.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. अप्पांची बार्शीजवळच्या एका गावात पिठाची गिरणी होती. दर रविवारी मी फोन लावायचे तेव्हा मागे गिरणीचा पट्टा फटफटत असायचा. एमएस्सीच्या अभ्यासाबद्दल काय विचारावं हे अप्पांना सुचायचं नाही, म्हणून ते एकच विचारायचे.

"खोली पक्की झाली का गं?"

"अजून नाही, अप्पा."

"मग नीट राहा. पाहुण्यांच्या घरी राहतो तसं."

मी तशीच राहत होते. मसाल्याचा डबा बॅगेतून बाहेर काढला नव्हता. ब्रेड आणि दही खाऊन दिवस काढत होते. खिडकीबाहेर बांबूच्या काठीवर कपडे वाळत घालताना, आपली ओढणी खालच्या घरावर तर लोंबत नाही ना, हे दोनदा वाकून बघायचे. वर्गातही तेच. बाकीची मुलं प्राध्यापकांना सरळ नावाने हाक मारायची. माझ्या तोंडून ते नाव निघेना आणि 'सर' म्हटलं की मुलं हसायची. शेवटी मी हाक मारणंच सोडून दिलं. त्यांचं लक्ष जाईपर्यंत नुसती बाजूला उभी राहायचे.

ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीच्या खाली सगळीकडे उदबत्तीचा वास यायला लागला. संध्याकाळी लोक लोखंडी पिंपात रंगीत कागद जाळायचे. हा कसला सण, हे मी कुणाला विचारलं नाही. आमच्याकडे ते दिवस गणपतीच्या तयारीचे. उदबत्तीच्या वासानेच मला भरून यायचं आणि मला वाटायचं, इथेही देव बसलेत.

अशाच एका संध्याकाळी विद्यापीठातून परत येताना मला आंटी दिसल्या. इमारतीसमोरच्या हिरवळीवर, पदपथाच्या कडेला, त्या हातात उदबत्त्या घेऊन वाकत होत्या. मी पोचेपर्यंत त्या वर निघून गेल्या. गवतावर कागद अंथरून त्यावर नीट मांडून ठेवलं होतं. भात, चहाचे छोटे पेले, वरून उमललेले गुलाबी केक, संत्र्यांची रास आणि कडेला एक मेणबत्ती. उतारा असता तर मी ओळखला असता. लिंबू, गुलाल, दहीभात दिसला की आमच्या गावात लहान पोरही लांबून वळून जातं. पण हे इतकं देखणं होतं की मला तो नैवेद्यच वाटला.

मी चपला काढल्या, हात जोडले. आणि मग मनात आलं, नमस्कार करून प्रसाद न घेता गेलं तर आंटींना काय वाटेल? त्यांचा देव मला चालत नाही असं वाटेल. खरं सांगायचं तर एवढा भाबडा विचारही नव्हता तो. त्यांना कळावं, ही मुलगी आपलं मानते, असा त्यात माझा हिशोब होता. शिवाय भूक लागली होती. मी वरचं एक संत्रं उचललं, कपाळाला लावलं आणि लिफ्टमध्ये सोलून खाल्लं. गोड होतं.

दार उघडताच मी सालं दाखवत म्हणाले, "आंटी, मी तुमचा प्रसाद घेतला!"

आंटींनी सालांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आय्यो! ते खालचं?"

"हो. खूप गोड आहे."

"खाल्लंस? सगळं?"

"बियासुद्धा," मी म्हणाले. अन्न टाकत नाही, हेही त्यांना कळावं म्हणून.

त्यांनी माझं मनगट धरलं, सिंकपाशी नेलं आणि कोपरापर्यंत हात धुवायला लावले. एकीकडे त्यांच्या भाषेत पुटपुटणं चालू होतं. मग माझ्याशी इंग्रजीत, तिथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' जोडून, "ते तुझं नाही लाह! ते त्यांचं!"

"कोणाचं?"

त्या नाव घेईनात. नळ बंद करून हळूच म्हणाल्या, "ज्यांना जेवू घालायला कुणी नाही, त्यांचं. या महिन्यात ते येतात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मी भुतांचं जेवण खाल्लं होतं. भुतांच्या भीतीपेक्षा, आता बाय-बाय, हीच भीती मोठी होती.

आंटींनी फ्रिजमधून एक संत्रं काढलं, उदबत्त्या घेतल्या आणि मला खाली चलायची खूण केली. हिरवळीवर त्यांनी मला रिकाम्या जागी संत्रं ठेवायला लावलं आणि पेटलेल्या उदबत्त्या हातात दिल्या.

"सॉरी म्हण."

"कुठल्या भाषेत?"

"तुझ्या. त्यांच्यात पण असतील कुणी तुझे."

मी डोळे मिटले. "माझी चूक झाली," मी मराठीत म्हणाले. "मला माहीत नव्हतं. मी नवीन आहे इथे. भूक लागली होती." त्या शहरात आल्यापासून मी कुणाशी इतकं मोकळं बोलले नव्हते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आंटींना वाटलं, धुरामुळे. त्यांनी मला वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ओढलं.

वर आल्यावर त्यांनी चहा केला. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं की आमच्याकडेही आणखी काही दिवसांनी पितृपक्ष असतो. अप्पा गिरणीच्या पत्र्यावर घास ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवत नाही. लहानपणी मी त्या पानावरचा वडा उचलला होता आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

"म्हणजे तू आधीपासूनच चोर," आंटी म्हणाल्या. मग, "कावळा? इथे कावळ्याला घालू नको हं. पक्ष्यांना खायला घातलं की दंड!"

"आणि भुतांना?"

"भुतांना चालतं लाह," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

रविवारी मी अप्पांना सगळं सांगितलं. पट्ट्याचा आवाज थांबला. "परक्या मुलखात कुणाचा घास खाल्लास गं!" मग म्हणाले, "वाढायला कुणी नाही, अशांना जेवायला घालते म्हणतेस? बाई चांगली आहे. तिला सांभाळून राहा."

महिना संपला त्या दिवशी मी सकाळपासून वाट पाहत होते. आंटी टीव्हीसमोर बसून शेंगा सोलत होत्या. शेवटी मीच म्हणाले, "आंटी, महिना झाला."

"मग?"

"बाय-बाय का?"

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "पुढच्या वर्षी ते ताट खाली कोण नेणार? माझे गुडघे बघ. तूच ने. ते तुला ओळखतात आता."

त्या शहरात तोवर मला ओळखणारं कुणी नव्हतं. मी खोलीत गेले आणि बॅगेतून मसाल्याचा डबा काढून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. आंटींनी झाकण उघडून वास घेतला, शिंकल्या आणि डबा तिथेच राहू दिला.

आता मी पुण्यात असते. पितृपक्षात इथे पान वाढून ठेवताना मला अजून ती हिरवळ आठवते, वाऱ्याने विझू पाहणारी मेणबत्ती आणि माझ्या दंडाला धरून उतरणाऱ्या आंटी. दुसऱ्या वर्षी ताट उचलून मी निघाले तर त्यांनी मला दारातच अडवलं. हातातलं संत्रं सोललं, एकेक फोड माझ्या तोंडात घातली आणि सगळं संपेपर्यंत दार उघडलं नाही.

"आधी तू खा," त्या म्हणाल्या. "तुझा काही भरवसा नाही."