सतरा जणांची खूण

सुरतेतल्या भेस्तानच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, छगन आप्पांच्या शब्दाला मालकापेक्षा जास्त वजन होतं, निदान आप्पांचं तरी तसं मत होतं. तरुणपणी ते अमळनेरकडून एकटेच आले आणि मग भाऊबंदांतला जो पोरगा गावात रिकामा दिसेल त्याला सुरतेला ओढत राहिले. एकाच कुळाची माणसं वाढली तर उद्या सगळी मिळून काम बंद पाडतील, अशी मालकाला धास्ती. त्यावर आप्पांनी तोड काढली. कोणी पाटील लावायचं, कोणी बोरसे, कोणी गावाचं नाव. मालकाला वाटे, खात्यात चार मुलखांची माणसं आहेत. आप्पा मिशीत हसत.

त्याच खात्यात बॉबिन भरणारी सुंदरा एका दुपारी सुताच्या खोलीत मेलेली सापडली. कोणीतरी तिचा गळा दाबला होता. आदल्या दिवशी तिच्याशी भांडलेल्या हेमराजला पोलिसांनी उचललं. हेमराज आप्पांचा सख्खा पुतण्या. सुंदराच्या नखांखाली पुरुषाच्या कातडीचा अगदी थोडा अंश मिळाला, त्यातून डीएनएमधली, फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी खूण तेवढी निघाली आणि ती हेमराजशी जुळली. अशी खूण पाच हजार पुरुषांत एखाद्याचीच असते, असं प्रयोगशाळेच्या तपासनिसाने लिहिलं. सरकारी वकिलांनी त्याचा अर्थ लावला, की हेमराज निर्दोष असण्याची शक्यता पाच हजारांत एक. ऐकायला ठसकेबाज, पण हिशेब साफ चुकलेला.

हेमराजची वकील सोनाली आप्पांच्या घरी आली.

"आप्पा, तो आकडा एकमेकांशी नातं नसलेल्या पुरुषांचा आहे. मारणारा मात्र त्या पाळीला खात्यात होता, बाहेरून कोणी आलेलंच नाही. ही खूण सख्ख्या-चुलत सगळ्यांची सारखीच निघते. त्या पाळीला तुमच्या कुळातलं आणखी कोणी होतं का? आडनावं वेगवेगळी बघून पोलिसांनी बाकी कोणाला तपासलंच नाही."

आप्पांनी बोटांवर मोजलं. "हेमराज धरून सतरा."

सोनालीने आकडा टिपून घेतला. "म्हणजे या खुणेवरून हेमराजकडे बोट दाखवायचं, तर बाकीच्या सोळांकडेही तेवढंच दाखवावं लागेल. कोर्टात हे तुम्हालाच सांगावं लागणार."

त्या सतरांत आप्पांचा मुलगा भूपेंद्रही होता.

सोनाली गेल्यावर, आप्पांच्या साक्षीने पोरगा धरला जाईल या भीतीने त्यांची बायको कमल अहिराणीत म्हणाली, "तुम्ही बोलनात ते पोलीस आपला भूपेंद्रले लई जातीन."

"आनि हेमराज काय परका शे?"

"परका नही. पन भूपेंद्र आपला पोटना शे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. गल्लीतली चारचौघं येऊन बजावून गेली, की सुक्याबरोबर ओलंही जळेल, एकाचं जे व्हायचं ते होऊ द्या. भूपेंद्रला सरळ विचारावं, असं रोज आप्पांच्या ओठांवर येई आणि उत्तर काय मिळेल या भीतीने तिथूनच परत जाई. भूपेंद्रही आपणहून काही बोलत नव्हता. बाप-लेक जेवताना भाजीत मीठ कमी आहे की जास्त, एवढंच बोलत.

साक्षीच्या दिवशी आप्पांनी आडनावांची सगळी लबाडी कोर्टात सांगितली. मालक पुढेच बसला होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. सुंदराची आई चंपाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. इतके दिवस तिला वाटत होतं, की मारणारा सापडला.

सरकारी वकील चिडले. "म्हणजे तुमच्या पुतण्याला सोडून आम्ही आता सोळा जणांच्या मागे लागायचं? सुरुवात कोणापासून करू, तेही सांगून टाका!"

आप्पांनी कठडा धरला.

"माझ्या घरापासून करा, साहेब. भूपेंद्र छगन पाटील. मागे बसलाय."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आप्पांनी मात्र वळून पाहिलं नाही. पोराचा चेहरा बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.