‘झालं’ म्हणजे नेमकं कधी?

परवा कारखान्यात माझी परीक्षाच होती... आणि मी पेपर अर्धवट सोडून गेले होते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लिखापढीचं काम करते. हंगाम संपला की आमचे महबूबचाचा रिटायर होणार. चाचा उमापूरचे, काम पॅनमनचं. म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायचा, त्या मोठ्या भांड्यावरचा माणूस. ते जायच्या आत त्यांचं सगळं काम लिहून मॅन्युअल तयार करायचं, हे माझ्याकडे आलं. ते पास झालं तर माझी नोकरी पक्की. नाही झालं तर... घरी तो विषय कुणी काढत नाही.

तीन आठवडे मी चाचांच्या शेजारी वही घेऊन उभी होते. तापमान, व्हॅक्यूम, वेळ... सगळं टिपलं. मला प्रत्येक गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे चाचा वैतागायचे. "कावून एवढं लिवायलीस गं? ती वही उकळून साखर निघणार हाय का?"

अडलं ते शेवटच्या टप्प्यावर. चाचा सळईने थोडा पाक काढतात, काचेच्या तुकड्यावर पसरून उजेडाकडे धरतात, मग अंगठा आणि बोटात चोळतात... आणि म्हणतात, "झालं." की लगेच पॅनमधला माल खाली सोडायचा. जरा उशीर झाला तर दाणा बिघडतो.

पण झालं ते कशावरून? काटे तेच दाखवत असताना ते कधी लवकर म्हणायचे, कधी थांबायचे. खूप मागे लागले तेव्हा म्हणाले, "ते हाताला ठाऊक हाय पोरी. मला न्हाई."

लहानपणी मी आजारी असायचे. चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही, आत्यानेच घरच्या किराणा दुकानात पोत्यावर बसवून शिकवलं. तिचा नियम एकच होता. येत नसेल तिथे जागा सोड, अंदाजाने भरू नकोस.

म्हणून त्या पानावर मी लिहिलं, "येथे चाचा 'झालं' म्हणतात. कशावरून, ते मला कळलेले नाही." खाली अर्धं पान कोरं.

आमच्या चीफ केमिस्ट साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो मॅडम, एखादं तापमान टाकून द्या की! कोण बघतंय?" खरं सांगते, मी पेनाचं टोपण काढलं होतं... हात पुढे गेला नाही.

आणि बघणारे कोण? मॅन्युअल तपासायला बाहेरून बोलावलेले महालिंग सर! मूळ पाटोद्याच्या कापडदुकानातले. आधी साखर कारखान्यात केमिस्ट, मग पुण्याच्या कंपन्या, मग परदेशात व्याख्यानं. संस्थेतल्या माणसांना जे ठाऊक असतं ते त्यांच्याबरोबर निघून जाऊ नये म्हणून काय करायचं, हा त्यांचा विषय. नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात त्याला.

त्यांचे लेख मी बीडच्या सायबर कॅफेत प्रिंट काढून वाचले होते. अर्धेच कळले. पण पाटोद्याच्या आठवडी बाजाराचं उदाहरण डोक्यातून जात नव्हतं. कुणी कुठे बसायचं याचा नकाशा नसतो, तरी सकाळी जो तो आपल्या जागी असतो. शिस्त लावायला म्हणून कुणी चार जणांना हलवलं, की दुपारपर्यंत सगळा बाजार अडखळतो... संस्थाही अशाच असतात, असं त्यांनी लिहिलं होतं.

तर परवा मीटिंगमध्ये सर एकेक पान सावकाश उलटत होते. त्या पानावर थांबले. मी त्यांच्या आधीच "सॉरी सर" म्हणून मोकळी झाले.

"इथे आकडा का नाही टाकला?"

"मला माहीत नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी टाकला होता."

नव्वदनंतरची गोष्ट. परदेशात साखर विकायची तर सर्टिफिकेट पाहिजे, आणि सर्टिफिकेटसाठी मॅन्युअल. सर तेव्हा दुसऱ्या एका कारखान्यात होते. तिथले पॅनमन दगडूमामा. मामांचं 'झालं' सरांना कळलं नव्हतं, पण तरुण वय, पान कोरं ठेवायची लाज वाटली... त्यांनी एक तापमान ठोकून दिलं.

सर्टिफिकेट मिळालं, भिंतीवर लागलं. मामांना घरी पाठवलं, आता पुस्तक होतं ना! पुढच्या हंगामात पॅनमागून पॅन बिघडले. सर मामांच्या दारात जाऊन उभे राहिले. मामा बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. "मी कावून येऊ? तुमचं पुस्तक हाय की."

"त्यानंतर मी जे काही केलं," सर म्हणाले, "ते त्या एका ओळीची दुरुस्ती आहे."

चीफ साहेब पंख्याकडे बघत होते. मी सरांकडे. एवढा मोठा माणूस, एवढं नाव... आणि हे सगळं एका खोट्या आकड्यापासून सुरू झालेलं! आणि ते त्यांनी आमच्यासमोर, चहाचे कप तसेच पडलेले असताना सांगून टाकलं.

मग त्यांनी माझंच पेन मागितलं. कोऱ्या जागेच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलं, "येथे पुस्तक मिटावे आणि माणसाकडे जावे." मॅन्युअल पास. चाचांना अजून एक हंगाम ठेवायचं, आणि शिकायला शेजारी दोन जण उभे करायचे. त्यातली एक मी.

आज चाचांनी काच माझ्या हातात दिली. मी उजेडाकडे धरली, बोटांत चोळली.

"सांग, झालं का?"

"अजून नाही."

"कावून?"

मी तोंड उघडलं... आणि सांगताच येईना. चाचा एवढे हसले की त्यांना पॅनच्या दांडीला धरावं लागलं.

आत्या, तू ही पोस्ट वाचशील. जागा सोडायला शिकवलंस... त्या जागेत आज मी उभी आहे.